जुना संगणक, मोठी डिस्क आणि हद्द आखणारे

विडी कामगार स्त्रियांच्या एका लहानशा युनियनच्या कार्यालयात घडलेल्या प्रसंगापासून आरंभ करतो. प्रसंग यंत्राचा आहे, आणि या पानावर यंत्राविषयी लिहिण्याचा प्रघात फारसा नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या गोष्टीमुळे दोन वर्षांचे श्रम वाया गेले आणि काही बायकांच्या सेवेचा लेखी पुरावा नाहीसा झाला, ती केवळ यंत्राची म्हणून बाजूला सारता येणार नाही.

कार्यालयातील संगणक २००३ सालचा. त्यावर ‘विंडोज ९८’ ही प्रणाली चाले. ती बदलण्याची सोय नव्हती. कारण मराठी मजकूर जुळविण्याचे जे सॉफ्टवेअर युनियनने वर्षानुवर्षे वापरले होते ते त्याच प्रणालीवर बसविलेले होते, आणि त्याचे ‘लॉक’, म्हणजे प्रिंटरच्या जागी पाठीमागे खोचावयाचा प्लास्टिकचा ठोकळा, नव्या संगणकात कोठे बसतच नव्हते. या संगणकात काय होते? कोणती बाई कोणत्या सालापासून कोणत्या कारखान्याच्या विड्या वळते, मध्ये ठेकेदार किती वेळा बदलला, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक कोणता, याच्या याद्या होत्या. विडी धंद्यात कामगाराचे नाव कागदावर न आणणे हीच मालकाची मुख्य कारागिरी असते. त्यामुळे या याद्या म्हणजे युनियनची खरी मालमत्ता होती.

२००९ साली संगणकाची २० गिगाबाइटची डिस्क खरखर करू लागली. एका उत्साही तरुण कार्यकर्त्याने २५० गिगाबाइटची वापरलेली डिस्क स्वस्तात मिळविली, दुसऱ्या संगणकावर ती एकसंध आखून घेतली, सगळ्या याद्या तिच्यावर उतरविल्या आणि जुन्या संगणकाला जोडली. संगणकाने ती ओळखली. सर्वांना आनंद झाला. पुढील दोन वर्षे बायकांची पासबुके, ठेकेदारांच्या चिठ्ठ्या, हजेरीचे कपटे यांच्या प्रतिमा स्कॅनरने काढून त्या डिस्कवर साठविण्याचे काम चालले. २०११ साली एका सकाळी पडद्यावर प्रश्न उमटला: ही डिस्क आखलेली नाही, आता आखावयाची काय?

त्या तरुणाने ‘होय’ म्हटले नाही, एवढे नशीब. परंतु नुकसान व्हावयाचे ते होऊन गेले होते. डिस्कच्या मध्यभागातील काही प्रतिमा पुढे नावगाव हरवलेल्या अवस्थेत सापडल्या. दोन वर्षांत याद्यांत घातलेली भर सापडली नाही. त्याच्यावर राग काढणारे पुष्कळ निघाले. मी त्यांच्यात नव्हतो असे म्हणवत नाही. हा राग किती अस्थानी होता हे कळावयास मला बराच काळ लागला, आणि जे कळले ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

काय घडले ते आधी समजावून घेऊ. डिस्कवरील जागा ५१२ बाइटांच्या खणांत विभागलेली असते आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. संगणक डिस्कला सांगतो की अमुक क्रमांकाच्या खणात हे लिही. हा क्रमांक लिहिण्यासाठी किती घरे ठेवावयाची, हे माणसांनी बसून ठरविलेले असते. १९९४ साली मान्य झालेल्या एटीए मानकात त्यासाठी २८ बिटांची तरतूद होती. २८ बिटांत २६,८४,३५,४५६ क्रमांक बसतात. त्यास ५१२ ने गुणले की सुमारे १३७ अब्ज बाइट होतात. ही हद्द. वाचनालयाच्या दाखल-नोंदवहीत पुस्तकाच्या क्रमांकासाठी चारच चौकटी छापलेल्या असाव्यात, आणि दहा हजारावे पुस्तक आले की लेखनिकाने पहिला आकडा चौकटीबाहेर राहिला म्हणून सोडून द्यावा, तसे होते. १०,००७ क्रमांकाचे पुस्तक सातव्या क्रमांकाच्या जागी जाऊन बसते. डिस्कवर मात्र आधीचे पुस्तक शेजारी सरकत नाही, ते पुसले जाते.

आणि डिस्कच्या अगदी आरंभीच्या खणांत असते काय? तिची अनुक्रमणिका. विंडोज ९८ चा डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर २८ बिटांपलीकडचे आकडे सोडून देतो. साठा १३७ गिगाबाइटच्या आत होता तोवर सारे सुरळीत चालले. त्यापलीकडची पहिली प्रतिमा लिहिताना ती मुकाट्याने अनुक्रमणिकेवर लिहिली गेली. पडद्यावर सूचना नाही, घंटा नाही. ज्या दिवशी तोडमोड झाली त्या दिवशी कोणी काही चुकीचे केलेले नव्हते.

आता मुद्द्याकडे येतो. जुन्या प्रणालीला मोठी डिस्क ओळखता येत नाही, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की जणू म्हाताऱ्या माणसाला दूरचे दिसत नाही असा हा निसर्गक्रम आहे. तो तसा नाही. जुन्या संगणकाच्या वाटेत ज्या भिंती उभ्या राहतात, त्यांपैकी काही गणिताच्या आहेत आणि काही निर्णयाच्या. गणिताच्या भिंतीपुढे मान लववावी लागते, निदान वाट वाकडी करावी लागते. निर्णयाची भिंत मात्र कोणीतरी, कोणत्यातरी कचेरीत, कोणत्यातरी हिशेबाने बांधलेली असते, आणि तिच्याविषयी जाब विचारता येतो. आपल्या कार्यकर्त्यांना धरणाच्या पाण्याच्या वाटपात हा भेद चांगला कळतो. पाऊस किती पडला आणि कालव्याचे दार कोणी बंद केले, हे प्रश्न ते कधी एकमेकांत मिसळू देत नाहीत. संगणकासमोर बसताच मात्र आपण पावसालाच दोष देऊन मोकळे होतो.

गणिताच्या भिंतींचा इतिहास तसा निरागस आहे. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटी या संगणकात १० मेगाबाइटची डिस्क होती आणि ती त्या काळी ऐसपैस वाटे. पुढे ५२८ मेगाबाइटला एक भिंत आली. तिची कथा सरकारी खात्यांची आठवण करून देणारी आहे. डिस्कच्या मानकात आणि संगणकाच्या मूळ आज्ञासंचात, म्हणजे बायॉसमध्ये, खणाचा पत्ता लिहिण्याचे दोन निरनिराळे तक्ते होते. एका तक्त्यात एक रकाना रुंद, दुसऱ्यात दुसरा. स्वतंत्रपणे दोन्ही तक्ते पुष्कळ मोठी डिस्क पेलू शकले असते. पण एकच पत्ता दोन्हींत बसावयास हवा, म्हणून प्रत्येक रकान्यात जो अरुंद तोच लागू झाला, आणि १०२४ गुणिले १६ गुणिले ६३ खणांवर गाडी थांबली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. १९९४ साली २८ बिटे पुरेशी मानणाऱ्यांचाही नव्हता. बाजारातील डिस्का तेव्हा काही शे मेगाबाइटच्या होत्या, आणि समितीत बसलेल्यांनी त्याच्या शेकडो पट जागा राखून ठेवली होती. हद्द जवळ आली तेव्हा, २००२ च्या सुमारास, नव्या मानकात क्रमांकासाठी ४८ बिटे ठेवण्यात आली. ती सुमारे १४४ पेटाबाइटपर्यंत, म्हणजे आपल्या नातवंडांपर्यंत, पुरावीत.

येथपर्यंत गणित. येथून पुढे निर्णय सुरू होतात.

४८ बिटांचे मानक आल्यावर मायक्रोसॉफ्टने २००२ सालीच ‘विंडोज एक्सपी’ला पहिल्या सर्व्हिस पॅकमधून ती विद्या दिली. ‘विंडोज २०००’ला तिसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये दिली, मात्र कुलूपबंद, नोंदणीकोशात ‘एनेबल बिग एलबीए’ नावाची एक नोंद हाताने करून तिची किंमत १ ठेवल्याशिवाय ती जागी होत नसे. ज्याला ही नोंद ठाऊक नव्हती त्याचेही हाल आमच्या युनियनसारखेच होण्याचा संभव होता, आणि कंपनीने आपल्या तांत्रिक टिपणात तसा इशारा दिलेलाही होता. परंतु टिपण वाचून डिस्क विकत घेणारा ग्राहक कोणी पाहिला आहे? विंडोज ९८ ला मात्र काहीच मिळाले नाही. ही प्रणाली त्या वेळी मृत नव्हती. तिचा अधिकृत सांभाळ ११ जुलै २००६ पर्यंत चालू होता.

ते अशक्य होते म्हणून झाले नाही, असे कोणी म्हणेल तर त्यास दोन गोष्टी सांगावयास हव्यात. पहिली अशी की इंटेलने आपल्या काही संचांसाठी काढलेला ड्रायव्हर विंडोज ९८ वरही १३७ गिगाबाइटची हद्द ओलांडीत असे. दुसरी त्याहून बोलकी आहे. हौशी प्रोग्रॅमरांनी, मूळ संहिता हाती नसताना, यंत्रभाषेतील ओळीन् ओळ उलगडून त्या ड्रायव्हरची दुरुस्ती केली आणि ती चालली. ज्यांच्यापाशी संहिता होती त्यांनी जे केले नाही ते, ज्यांच्यापाशी ती नव्हती त्यांनी, रात्री जागून केले. आमच्या कार्यालयाला या दुरुस्तीची वार्ताही नव्हती, आणि असती तरी अनोळखी माणसाने फिरविलेला ड्रायव्हर बायकांच्या याद्यांवर चालवून पाहण्याचे धाडस आम्ही केले असते की नाही, शंका आहे. खुल्या संहितेचा उपयोग येथे कळतो: दुरुस्ती कोणी केली यापेक्षा ती चार जाणत्यांनी तपासली आहे, हा भरवसा त्यात असतो.

शुद्ध निर्णयाची आणखी एक भिंत सांगतो, कारण तिचा कर्ता स्वतः बोलला आहे. ‘फॅट ३२’ या आखणीच्या पद्धतीने ३२ गिगाबाइटहून मोठी डिस्क विंडोज २००० पासूनच्या प्रणाली वाचतात, तिच्यावर लिहितात. पण स्वतः आखून देत नाहीत. आमच्या तरुणाला बाहेरचे साधन शोधावे लागले ते यामुळेच. या ३२ चे रहस्य काय? मायक्रोसॉफ्टमधील तेव्हाचे अभियंते डेव्ह प्लमर यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की, १९९४ च्या अखेरीस एका पावसाळी गुरुवारी सकाळी आखणीची ती चौकट त्यांनी तात्पुरती म्हणून जुळविली, आणि हद्दीचा आकडाही त्याच बैठकीत ठरविला. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने चाचणीच्या आवृत्तीत, तेही केवळ आज्ञा टंकून द्यावयाच्या मार्गाने, ही हद्द २ टेराबाइटपर्यंत वाढविल्याचे जाहीर केले. तात्पुरत्या गोष्टीला तीस वर्षे लागली. प्लमर यांचा प्रांजळपणा मला आवडला. आपल्याकडे अशा ठरावांवर सही कोणाची हेच शेवटपर्यंत कळत नाही.

पुढची भिंत २.२ टेराबाइटची. डिस्कची आखणी नोंदविण्याच्या जुन्या तक्त्यात खणांच्या क्रमांकासाठी ३२ बिटे आहेत, म्हणून ही हद्द. ती ओलांडण्यासाठी ‘जीपीटी’ नावाचा नवा तक्ता आला. ६४ बिटांच्या विंडोज एक्सपीला तो वाचता येई, ३२ बिटांच्या एक्सपीला वाचता येत नसे. आणि घरोघरी, कचेरीकचेरीत होती ती ३२ बिटांची. २०१० नंतर ३ टेराबाइटच्या डिस्का बाजारात आल्या, तेव्हा जुन्या ड्रायव्हरच्या एक्सपीवर त्या ७४६ गिगाबाइटच्या दिसू लागल्या. ३ टेराबाइटमधून २.२ वजा केले की उरतात ते हे ७४६. ग्राहक दुकानदाराशी भांडत, दुकानदार डिस्क बदलून देई, नवीही तेवढीच भरे.

मला विचारले जाईल, आणि बैठकीत एका ज्येष्ठ साथींनी विचारलेही, की हा आपला प्रश्न आहे काय? ज्यांना दोन वेळचे जेवण नाही त्यांच्या देशात जुन्या संगणकाची कैफियत कोणी मांडावी? प्रश्न रास्त आहे. पण जुना संगणक वापरतो कोण, याचा विचार करावा. मोठ्या कंपनीचा कचेरीतला संगणक तीन-चार वर्षांत बदलतो. जुना संगणक असतो जिल्हा परिषदेच्या शाळेत, सहकारी पतसंस्थेत, वाचनालयात, तालुक्याच्या छापखान्यात आणि युनियनच्या खोलीत. निर्णयाची भिंत बांधली जाते ती या लोकांच्या वाटेत. अन्यत्र ती कोणाला जाणवतही नाही.

सार्वजनिक संस्थाही यातून सुटत नाहीत. विंडोज एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ रोजी थांबला, तरी देशातील बँकांची एटीएम यंत्रे तिच्यावर चालूच राहिली; अखेर जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढून, जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व यंत्रे सांभाळ चालू असलेल्या प्रणालीवर नेण्यास बँकांना सांगावे लागले. ‘सांभाळ संपला’ हाही नैसर्गिक मृत्यू नव्हे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर संगणक ओलीस धरले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी मृत घोषित केलेल्या एक्सपीसाठी त्याच कंपनीने तातडीने दुरुस्ती काढून फुकट वाटली. संकट पुरेसे मोठे झाले आणि इस्पितळे बंद पडू लागली, की मृतासही औषध मिळते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा सांभाळ थांबला, आणि पुढच्या प्रणालीस विशिष्ट सुरक्षा-चिप लागत असल्याने चांगले चालणारे असंख्य संगणक तिच्या दाराबाहेर राहिले. वर्षभराच्या वाढीव सांभाळासाठी पैसे भरावेत किंवा आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या खात्याशी जोडावी, असे बहुतेक जगाला सांगण्यात आले. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर तेथील नागरिकांसाठी ही अट सैल झाली. एकच यंत्र, एकच प्रणाली. फरक केवळ संघटित ग्राहकाचा.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी २२.३ टक्क्यांचेच रीतसर संकलन व पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. उरलेला मोठा भाग आपल्यासारख्या देशांतील वस्त्यांत, तांब्यासाठी तारा जाळणाऱ्या हातांनी निकालात निघतो. त्या हातांचीही युनियन नाही.

आमच्या कार्यालयाचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्यात या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. दुसऱ्या एका जाणत्या मित्राने सल्ला दिला: मोठी डिस्क जुन्या संगणकाला देऊच नका, ती त्याच्या शेजाऱ्याला द्या. भंगारात निघालेला एक संगणक आणून त्यावर लिनक्स ही खुली प्रणाली बसविली. तिच्या संहितेला ४८ बिटांचे क्रमांक ठाऊक होते. मोठी डिस्क तिला जोडली, दोन्ही संगणक एका तारेने सांधले आणि ‘सांबा’ नावाच्या सॉफ्टवेअरने त्या डिस्कवरील जागा विंडोज ९८ ला जाळ्यावरील एक कप्पा म्हणून दाखविली. आता खणांचे क्रमांक मोजण्याचे काम शेजारी करतो. जुना संगणक फक्त म्हणतो, अमुक नावाची यादी दे, तमुक नावाने ही ठेव. हद्दच उरली नाही. ज्यांना हे करावयाचे आहे त्यांनी एक पथ्य पाळावे: त्या जुन्या संगणकाची जाळ्यावरील बोली सुरक्षेच्या कारणाने आता सांबामध्येही बंद ठेवलेली असते, ती जाणूनबुजून चालू करावी लागते, म्हणून हे दोन संगणक इंटरनेटशी कदापि जोडू नयेत. आणि ज्यांना एवढा खटाटोप करणे शक्य नाही त्यांनी डिस्कची आखणी तरी पहिल्या १३७ अब्ज बाइटांच्या आत संपवावी. उरलेली जागा वाया जाते, पण अनुक्रमणिका शाबूत राहते. आणखी एक सूचना जाता जाता: विंडोज ९८ सोबत येणारे आखणीचे मूळ साधन ६४ गिगाबाइटहून मोठ्या डिस्कचे माप चुकीचे दाखविते, पूर्ण मापातून ६४ वजा करून, त्यावर विसंबू नये.

सांबाची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. १९९१-९२ च्या सुमारास कॅनबेरा येथील विद्यापीठात संशोधन करणारे अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिला आरंभ केला. दोन संगणक एकमेकांशी तारेवरून काय बोलतात ते ऐकावयाचे आणि त्यावरून त्यांच्या भाषेचे व्याकरण रचावयाचे, अशी त्यांची पद्धत. विंडोज ९८ ची बोली अशा श्रवणातूनच हस्तगत झाली. परंतु पुढच्या प्रणालींची बोली अधिकाधिक अवघड आणि बंदिस्त होत गेली. युरोपीय आयोगाने २४ मार्च २००४ रोजी मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि ही बोली प्रतिस्पर्ध्यांना वाजवी अटींवर उघड करण्याचा आदेश दिला. कंपनी न्यायालयात गेली. १७ सप्टेंबर २००७ रोजी तेथे मुख्य मुद्द्यांवर ती हरली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये १०,००० युरो एकरकमी भरून सांबाच्या मंडळींना ती कागदपत्रे मिळाली. मूळ तक्रार १९९८ साली एका प्रतिस्पर्धी भांडवली कंपनीनेच केली होती, ही गोष्ट आपण विसरू नये. भांडवलदारांच्या आपसातील भांडणातून गरिबाच्या हाती कधी काही पडते, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. तरीही खुल्या सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी त्या खटल्यात हस्तक्षेप करून साक्षी दिल्या नसत्या, तर ते व्याकरण एका कंपनीच्या तिजोरीतून दुसऱ्या कंपनीच्या तिजोरीत गेले असते, इतकेच.

म्हणून माझी मागणी कंपन्यांनी जुन्या प्रणाली जन्मभर सांभाळाव्यात अशी नाही. ती अव्यवहार्य आहे; पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्राची चाकरी कोणाही कामगाराकडून सक्तीने करून घेता येणार नाही, अभियंतेही कामगारच आहेत. मागणी एवढीच की ज्या दिवशी कंपनी सांभाळ सोडते, त्या दिवशी डिस्कशी, प्रिंटरशी आणि शेजारच्या संगणकाशी बोलण्याचे व्याकरण तिने सार्वजनिक करावे, म्हणजे इतरांना सांभाळ करता येईल. हे विधिमंडळातील एका भाषणाने होणार नाही. परंतु राज्य सरकार आणि स्थानिक स्वराज्य संस्था स्वतःच संगणकांच्या मोठ्या गिऱ्हाईक आहेत. खरेदीच्या निविदेत ही अट घालावयास कोणाची परवानगी लागत नाही. केरळने शाळांतून खुल्या सॉफ्टवेअरचा मार्ग धरला तो असाच धोरण म्हणून. महाराष्ट्रात असे धोरण का होऊ नये, हा प्रश्न आपल्या जिल्हा परिषद सदस्यांनी सभागृहात निदान एकदा विचारावा.

दोष मात्र सारा परक्याचा नाही. आपल्या घराकडे पाहू. आमच्या याद्या विंडोज ९८ मध्ये अडकल्या त्या डिस्कमुळे नव्हे, मराठी फाँटमुळे. भारतीय लिप्यांचे ‘इस्की’ हे मानक १९९१ साली मान्य झाले होते. त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. तरीही डीटीपीच्या धंद्यात ज्याने त्याने आपापले फाँट काढले आणि अक्षरांना मनाला येतील ते क्रमांक दिले. एका फाँटमधील ‘क’ दुसऱ्यात भलतेच काही दिसतो. आपण, म्हणजे पुरोगामी छापखाने, साप्ताहिके आणि संघटना, यांनी त्याविरुद्ध अवाक्षर काढले नाही. का काढले नाही? एक कारण सांगावयास संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांच्या संगणकांत ती सॉफ्टवेअरे विकत घेतलेली नव्हती. जी वस्तू आपण चोरून वापरतो तिच्या खोटेपणाची तक्रार कोणत्या तोंडाने करणार? मक्तेदारीला त्या फुकट्या प्रतींनी काही धक्का बसला नाही. तिने उलट आमची सवय पक्की केली आणि तोंड बंद केले.

जाळ्यावरील कप्प्याची ती व्यवस्था आमच्याकडे २०१९ पर्यंत चालली. त्यानंतर तिघा तरुणांनी रूपांतराच्या साधनाने सर्व याद्या युनिकोडमध्ये आणल्या, आणि जोडाक्षरे जेथे जेथे फुटली तेथे दोन जुन्या कार्यकर्त्या बायकांनी शेजारी बसून नावे दुरुस्त करून दिली. ‘द्वारका’ आणि ‘रुक्मिणी’ या नावांनी सर्वांत अधिक छळले. २००९ ते २०११ मधील भर मिळाली नाही ती नाहीच. त्या काळात नोंद झालेल्या काही बायकांना आता ठेकेदाराच्या जुन्या चिठ्ठ्या घरोघर शोधाव्या लागत आहेत.

बाकी जे वाचले ते कार्यालय सांभाळणाऱ्या आमच्या अण्णांमुळे. २००९ साली नवी डिस्क आली तेव्हा जुनी २० गिगाबाइटची खरखरणारी डिस्क भंगारात द्यावयास सर्वजण निघाले होते. “एवढीशी तर आहे, ठेवली तर काय खाते?” असे म्हणून अण्णांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि लोखंडी कपाटात, पावतीपुस्तकांच्या मागे ठेवून दिली. आधीच्या सर्व याद्या आम्हांस तिच्यावर मिळाल्या. ती अजून तेथेच आहे, आणि तिच्याशेजारी आता सर्व याद्यांची एक छापील प्रतही.